फ्रेंच आडनावांची कुळकथा

आडनावांचा विचार आम्हाला पुस्तकांनी शिकविला नाही, हजेरीपटाने शिकविला. एका मृत कामगाराच्या पत्नीचे प्रकरण आमच्या संघटनेच्या कचेरीत आले होते. नवऱ्याचा भविष्य निर्वाह निधी बाईंना मिळावयाचा होता. परंतु हजेरीपटावर त्याचे आडनाव एका तऱ्हेने, निधीच्या खात्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले होते. फरक म्हणाल तर एक काना आणि एक अनुस्वार, एवढाच. त्या काना-अनुस्वाराने बाईंना चौदा महिने खेटे घालायला लावले. एकदा जिना चढून दमून बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, नाव ह्यांचं, पण लिहिणारे दुसरेच.”

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. आडनाव आपले असते हे खरे, पण ते ठेवणारा आणि लिहिणारा कोण? या प्रश्नाचा माग काढीत आम्ही जे वाचीत गेलो, त्यात फ्रान्सची हकिगत आम्हाला सर्वांत उद्बोधक वाटली. चारशे वर्षांहून जुनी नोंदवह्यांची दप्तरे तेथे जपलेली आहेत, आणि नाव व लेखणी यांच्या झगड्याचा प्रत्येक टप्पा तेथे कायद्यात उमटलेला आहे. आम्ही फ्रेंच भाषेचे पंडित नव्हेत. रात्रपाळीनंतर शब्दकोश उशाशी घेऊन जे हाती लागले, तेवढेच येथे मांडतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधील माणसाला एकच नाव असे. रोमन अंमलातील तीन पदरी नावे लयाला गेली होती. पाचव्या शतकात फ्रँक नावाच्या जर्मन टोळ्यांनी देश जिंकला, आणि मौज अशी की जिंकलेल्या प्रजेने जेत्यांचीच नावे आपल्या मुलांना ठेवण्यास सुरुवात केली. रोबेर म्हणजे कीर्तीने उजळलेला, बेर्नार म्हणजे अस्वलासारखा बळकट, रिशार म्हणजे सत्तावान व कणखर, जिरार म्हणजे भाल्याचा भक्कम. ही सारी लढवय्यांची नावे. आज ती फ्रान्समधील अगदी सामान्य आडनावे आहेत. बेर्नार आडनावाचा टपालवाला किंवा शिंपी आपल्या नावात रानातले अस्वल घेऊन हिंडतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

अकराव्या-बाराव्या शतकांत वस्ती वाढली, नावे मात्र थोडीच राहिली. एका गावात पाच जां आणि चार पिएर झाले. तेव्हा ओळखायचे कसे? शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावाला एक शेपूट जोडले: लोहाराचा जां, पुलाजवळचा जां, तांबड्या केसांचा जां. या शेपटाला फ्रेंचमध्ये ‘सुरनों’, म्हणजे वरचे नाव, म्हणत. इंग्रजीतील ‘सरनेम’ हा शब्द तेथूनच आला. हळूहळू हे शेपूट बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. मुलगा लोहार असो वा नसो, त्याचे केस काळे असोत वा तांबडे, नाव मात्र बापाचेच राहिले. ही घडामोड बाराव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत चालली. तिला कोणाचा हुकूम नव्हता. गावाने ठेवलेले नाव चिकटले, इतकेच.

फ्रान्समध्ये आज आडनावांचे दहा लाखांहून अधिक निरनिराळे प्रकार आहेत. त्यांत अगदी पहिला क्रमांक मार्तां या आडनावाचा. ते धारण करणारी दोन लाखांहून अधिक माणसे आहेत. हा मार्तां म्हणजे चौथ्या शतकातील संत मार्टिन. मूळचा रोमन सैन्यातील शिपाई. आमियां शहराच्या वेशीवर थंडीत कुडकुडणारा भिकारी पाहून त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे तो तूर शहराचा बिशप झाला व 397 साली वारला. फ्रान्समधील दोनशेहून अधिक गावांना त्याचे नाव आहे. त्या झग्याला लॅटिनमध्ये ‘काप्पा’ म्हणत. तो जेथे ठेवला त्या जागेला ‘कापेल्ला’ हे नाव पडले, आणि त्यातून ‘चॅपेल’ हा शब्द जगभर गेला. संताचा सण 11 नोव्हेंबरला येतो. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत शेतीचे खंड आणि गड्यांची वर्षाची बोली याच दिवशी संपत असे. तेव्हा गरीब माणसाच्या कॅलेंडरात हा दिवस ठळक होता, एवढे नक्की.

बाप्तिस्म्याच्या नावांचे आडनाव होताना त्यांची लाडकी रूपेही टिकली. पिएरचे पेरां, पेरो, पेरे झाले. निकोलाचे कोला आणि कोलां झाले. या वर्गात शिरलो तर रात्र संपेल. आम्हाला खरी गोडी आहे ती धंद्याच्या नावांची.

लफेव्र हे आडनाव घ्या. ‘फेव्र’ म्हणजे लोहार, लॅटिन ‘फाबेर’पासून. उत्तरेकडे लफेव्र, दक्षिणेकडे फाब्र किंवा फोर, आल्प्स पर्वताच्या बाजूला फाव्र. ब्रिटनी प्रांताची बोली निराळीच, तेथे लोहाराला ‘ल गोफ’ म्हणतात. आणि जर्मन बोलणाऱ्या आल्सास प्रांतात श्मित. ही सारी एकाच ऐरणीची लेकरे. एकेका प्रांतात त्यांची संख्या मोजली तर एवढे लोहार होते तरी कोठे, असा प्रश्न पडतो.

उत्तर सोपे आहे, पण ते आमच्या ध्यानात यायला वेळ लागला. त्या काळी गावात शंभरातील नव्वद माणसे नांगर धरणारी. मग नांगऱ्या हे आडनाव सर्वांत जास्त असायला हवे. पण ‘लाबुरर’, म्हणजे नांगरणारा, हे आडनाव फ्रान्समध्ये विरळा. का? सगळेच नांगरत असतील तर ‘नांगरणारा जां’ म्हणून जां ओळखू येणार कसा? लोहार मात्र गावात एक. भाता त्याचा, ऐरण त्याची, घोड्याचा नाल त्याच्याकडे, फाळ त्याच्याकडे. म्हणून नाव त्याला चिकटले. गावाची सामाईक मेंढरे राखणाराही एकच असे, म्हणून बेर्जे, म्हणजे मेंढपाळ, हे आडनाव उदंड. आपल्याकडे गावगाड्यात लोहार, सुतार, कुंभार ही नावे अशीच झाली. बहुसंख्य कुणबी शेतकऱ्याला त्याच्या नांगरावरून आडनाव मिळाले नाही. आडनावांवरून जुन्या समाजाची शिरगणती करू पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. नाव अपवादाला मिळते. गर्दी निनावी राहते.

दुसरे उदाहरण फूर्निये. ‘फूर’ म्हणजे भट्टी. फूर्निये म्हणजे पावाची भट्टी सांभाळणारा. पण ही भट्टी त्याची नव्हे, जहागीरदाराची. जुन्या फ्रान्समध्ये जहागीरदाराचा असा हक्क होता की त्याच्या हद्दीतील रयतेने पीठ त्याच्याच चक्कीवर दळावे, पाव त्याच्याच भट्टीत भाजावा, द्राक्षे त्याच्याच घाण्यात पिळावी आणि प्रत्येक वेळी मोबदला द्यावा. घरी भट्टी घालणे गुन्हा. म्हणून फूर्निये, दुफूर (भट्टीजवळचा), म्यूनिये (पाणचक्कीवाला), दुमूलां (चक्कीजवळचा) ही आडनावे देशभर पसरलेली दिसतात. ती नुसती धंद्याची नावे नाहीत. त्या सक्तीच्या खुणा आहेत. म्यूनिये तर गावाचा विशेष नावडता, कारण पीठ मापण्यात तो हात मारतो असा सार्वत्रिक संशय. हे जहागिरी हक्क 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री मोडण्याचे ठरले आणि 1793 साली भरपाईवाचून कायमचे गेले. भट्टीची सक्ती गेली, फूर्निये राहिला.

काही प्रसिद्ध माणसांच्या नावांत शिरून पाहिले तर गंमत होते. लुई पाश्चर: ‘पास्तर’ म्हणजे मेंढपाळ; प्रत्यक्षात त्यांचे वडील कातडी कमावणारे. फ्रान्सला बटाटा खायला शिकविणारे पार्मांतिये: नावाचा अर्थ शिंपी. तत्त्वज्ञ सार्त्र: दक्षिणेकडील बोलीत तेही शिंपीच. ल शापलिये म्हणजे टोपीवाला. हे शेवटचे नाव आम्हा संघटनेच्या लोकांच्या जिव्हारी लागलेले आहे. रेनचे वकील इझाक ल शापलिये यांनी राज्यक्रांतीच्या ऐन भरात, 14 जून 1791 रोजी, कामगारांनी एकत्र येऊन मजुरी ठरविण्यास बंदी करणारा कायदा संमत करून घेतला. टोपीवाल्याच्या वंशजाने टोपीवाल्या कारागिरांचे हात बांधले! फ्रान्समध्ये कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळायला 21 मार्च 1884 उजाडावे लागले. तो कायदा वाल्देक-रूसो यांच्या नावाने ओळखला जातो, आणि रूसो म्हणजे तांबड्या केसांचा छोटा.

येथून आपण टोपणनावांच्या पेठेत आलो. येथे गाव दयामाया दाखवीत नाही. रू, लरू, रूसो हे सारे तांबड्या केसांचे. लब्लां गोरा, लब्रं सावळा, मोरो काळपट. लग्रां उंच. प्ती म्हणजे बुटका किंवा धाकटा. या नावाचा उच्चार आपल्या कानाला ‘पती’ असा लागतो आणि सभेत हशा पिकतो. कामू म्हणजे नकट्या. कादंबरीकार आल्बेर कामू यांचा कोणी पूर्वज नाकाने बसका असला पाहिजे. शोवां हे ‘शोव’, म्हणजे टकल्या, यावरून. शोवां नावाच्या एका अंधभक्त शिपायाच्या कथेवरून ‘शोव्हिनिझम’ हा शब्द रूढ झाला. हा शिपाई संशोधनांती काल्पनिक ठरला आहे. त्याचा शब्द मात्र आज सर्व भाषांत खराखुरा नांदतो आहे.

या शोवांची आणखी एक शाखा आहे. पॅरिसकडे जेथे ‘श’ म्हणतात तेथे उत्तरेच्या पिकार्दी प्रांतात ‘क’ म्हणतात. पॅरिसचा सुतार शार्पांतिये, पिकार्दीचा कार्पांतिये. तसाच पॅरिसचा शोवां हा पिकार्दीत कोवां होतो. त्या प्रांतातील न्वायों गावी 1509 साली जां कोवां नावाचा मुलगा जन्मला. विद्वान झाल्यावर त्याने नावाचे लॅटिन रूप केले: काल्व्हिनुस. तोच ख्रिस्ती धर्मसुधारक काल्व्हिन. जिनिव्हाला आपल्या शिस्तीने हलवून सोडणाऱ्या या करारी पुरुषाचे नाव मुळात ‘टकल्या’ आहे, हे त्याच्या शत्रूंना पुरेसे सुचलेले दिसत नाही.

लरुआ म्हणजे राजा. हे आडनाव पहिल्या वीसांत मोडते. पण त्याचे धारक राजवंशी नव्हेत. जत्रेच्या सोंगात राजा झालेला, तिरंदाजीच्या सामन्यात त्या वर्षीचा ‘राजा’ ठरलेला, किंवा नुसताच तोऱ्यात चालणारा, अशांना गावाने दिलेली ही पदवी. लेव्हेक म्हणजे बिशप. बिशपला मुले असायची नाहीत, तेव्हा हेही सोंगातले नाही तर बिशपच्या चाकरीतले. प्रुदोम हे नाव मात्र सरळ मानाचे: शहाणा, प्रामाणिक, चारचौघांनी ज्याचा शब्द मानावा असा. मालक-कामगारांच्या तंट्यांसाठी 1806 साली ल्यों शहरात जे न्यायमंडळ प्रथम स्थापन झाले त्याला हेच नाव मिळाले, आणि फ्रान्समधील कामगार आजही आपली वैयक्तिक दाद ‘प्रुदोम’कडेच मागतो. त्यात दोन्ही पक्षांचे सदस्य समसमान बसतात. आमच्या प्रकरणांच्या तारखांवर तारखा पडताना ही गोष्ट आम्हाला वारंवार आठवते, हे कबूल केले पाहिजे.

जागेवरून पडलेली नावे आपल्याला परकी वाटणार नाहीत. दुबुआ रानाकडचा, दुपों पुलाजवळचा, फोंतेन झऱ्याचा, दुमा शेतातल्या घरचा. त्यांतील ‘दु’ किंवा ‘द’ पाहून पुष्कळजण सरदार घराण्याचा तर्क करतात, तो खोटा आहे. रानाकडेला राहणारा लाकूडतोड्याही दुबुआच. पण पिकार, म्हणजे पिकार्दीचा; ब्रतों, म्हणजे ब्रिटनीचा; लांग्लुआ, म्हणजे इंग्रज; लालमां, म्हणजे जर्मन; ही नावे पहा. पिकार्दीत कोणी कोणाला पिकार म्हणणार नाही. माणूस गाव सोडतो तेव्हाच गावाचे नाव त्याला मिळते. आपल्या ‘कर’ जोडलेल्या आडनावांची जातकुळी हीच. आणि ब्रिटनीत ल गाल नावाची माणसे आहेत. त्या बोलीत याचा अर्थ ‘फ्रेंच’! तिकडच्या गावाला फ्रेंच बोलणारा तोच परका. या रांगेत आता नवी नावेही आली आहेत. खाणींत, शेतांत आणि कारखान्यांत राबायला स्पेनहून आलेल्या किंवा तेथील यादवीतून निसटलेल्या लोकांमुळे गार्सिया आणि मार्तीनेझ ही आडनावे फ्रान्समधील पहिल्या पन्नासांत जाऊन बसली आहेत.

इथपर्यंत नाव गावाच्या तोंडी होते. त्यात चेष्टा होती, क्रूरपणा होता, पण लवचीकपणाही होता. नवा गाव, नवे नाव. लेखणी आली आणि नाव गोठले.

1539 साली राजा पहिला फ्रांस्वा याने व्हिलेर-कोत्रे येथे फर्मान काढले. कोर्टकचेऱ्यांचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंच भाषेत व्हावेत आणि पाद्रींनी बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी, असे त्यात होते. या फर्मानाने आडनावे सक्तीची केली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. तसे त्यात नाही. वही ठेवा म्हटले, आणि वहीने आपले काम केले. 1579 मध्ये लग्ने व मृत्यू यांच्याही नोंदी आल्या, 1667 मध्ये प्रत्येक वहीची दुसरी प्रत ठेवण्याचा नियम झाला. लिहिणारा पाद्री ऐकेल तसे लिही. लफेव्रमध्ये मुळात नसलेला एक ‘ब’ कारकुनांनी लॅटिन ‘फाबेर’ची आठवण म्हणून घुसडला. तो उच्चारायचा नव्हता. पण जुन्या लिपीत ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे एकसारखीच काढीत. कोणी ते ‘यू’ वाचले आणि लफेबूर नावाचे नवे घराणे जन्माला आले. लोहाराच्या दोन नातवंडांत भाऊबंदकी नाही, तंटा नाही. केवळ वाचणाऱ्याची नजर चुकली. येथे आम्हाला त्या बाईंचा काना आणि अनुस्वार आठवला नसता तरच नवल.

20 सप्टेंबर 1792 रोजी या वह्या पाद्रींकडून काढून नगरपालिकेकडे दिल्या गेल्या. त्याच वर्षाअखेर एक विलक्षण दृश्य घडले. पदच्युत राजा सोळावा लुई याच्यावर खटला भरायचा, तर त्याला नाव काय द्यावे? राजांना आडनाव नसते. क्रांतिकारकांनी त्याला ‘लुई कापे’ केले. 987 साली गादीवर आलेल्या ह्यूग या पूर्वजाला त्याच्या झग्यावरून, म्हणजे पुन्हा त्याच काप्पावरून, ‘कापे’ हे टोपणनाव पडले होते. लुईने हरकत घेतली, की हे माझे नाव नव्हे, माझ्या एका पूर्वजाचे आहे. हरकत ऐकली गेली नाही. 21 जानेवारी 1793 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. रयतेला शेकडो वर्षे जे सोसावे लागले ते राजाला महिनाभर सोसावे लागले: दुसऱ्याने नाव ठेवले आणि तेच दप्तरात लागले.

23 ऑगस्ट 1794 च्या कायद्याने ठरविले की जन्मनोंदीत लिहिलेल्या नावाखेरीज दुसरे नाव कोणाही नागरिकाने धारण करू नये. हा कायदा आजही तेथे लागू आहे. त्याचा एक परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. लग्नाने फ्रेंच स्त्रीचे कायदेशीर नाव बदलत नाही. ती नवऱ्याचे आडनाव वापरते, पण ती केवळ वहिवाट. दप्तरात ती जन्मनावानेच जन्मते आणि जन्मनावानेच मरते. पुढे 1 एप्रिल 1803 रोजी सबळ कारण दाखवून सरकारी परवानगीने नाव बदलण्याची वाट काढून दिली गेली. आणि बरोबर अकरा दिवसांनी, 12 एप्रिल 1803 रोजी, कारखान्यांविषयीचा जो कायदा झाला त्याने कामगाराला एक पुस्तिका बाळगणे भाग पाडले. तीत त्याचे नाव, मालकाचा शेरा आणि मालकाकडून घेतलेली उचल. पुस्तिकेवाचून वाटेत सापडला तर तो भटक्या गणला जाई. ती 1890 साली रद्द झाली. एकाच पंधरवड्यातले हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहावेत. वजनदार माणसाला नाव बदलण्याची सोय, आणि कामगाराच्या खिशात नावाची बेडी.

कामगारांनी मात्र आपल्यापुरती एक वाट काढली होती. सुतार, गवंडी, कुलूपवाले यांच्या जुन्या बंधुसंघांत तरुण कारागीर गावोगाव काम शिकत सबंध फ्रान्सची फेरी करी, आणि संघात घेताना त्याला नवे नाव मिळे: आपल्या गावाचे आणि त्याला जोडून एका गुणाचे. आव्हिन्योंजवळच्या खेड्यातला सुतार आग्रिकोल पेर्दिगिये (1805–1875) याचे नाव होते ‘आव्हिन्योंचा सद्गुणी’. त्याने 1839 साली या बंधुसंघांवर पुस्तक लिहिले आणि 1848 मध्ये तो लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आला. शिपायांनाही पलटणीत टोपणनावे मिळत: फूल, तरुणाई, निश्चिंत अशा अर्थांची. त्यांतील पुष्कळ शिपाई कॅनडात वसले. तेथील फ्रेंच भाषिकांत लाफ्लर, लाजनेस, सांसूसी ही आडनावे आजही सापडतात.

अनाथ मुलांची नावे हे स्वतंत्र प्रकरण आहे. एकच सांगतो. नोव्हेंबर 1717 मध्ये पॅरिसच्या सें-जां-ल-रों या देवळाच्या पायरीवर एक अर्भक टाकलेले सापडले. देवळाचेच नाव त्याला दिले: जां ल रों. एका काचकाम करणाऱ्याच्या बायकोने त्याला वाढविले. पुढे त्याने दालांबेर हे नाव घेतले आणि तो त्या शतकातला मोठा गणिती व ज्ञानकोशकार झाला. दारिद्र्यात जन्मलेल्या मुलांना नाव देताना कारकून सहसा एवढीही मेहनत घेत नसत. महिना, वार, जवळचा संत, झाले.

ही बेपर्वाई सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसते ती वसाहतींत. 27 एप्रिल 1848 च्या हुकमाने फ्रान्सने गुलामगिरी नष्ट केली. मार्तिनीक, ग्वादलूप, गयाना, रेयुनियों इत्यादी ठिकाणची सुमारे अडीच लाख माणसे मुक्त झाली. तोवर त्यांना फक्त एक नाव आणि नोंदवहीतला एक क्रमांक होता. नागरिक झाला, आता आडनाव हवे. अंमलदार टेबल मांडून बसले, समोर रांग. मळेवाल्यांची आडनावे द्यायची नाहीत, हा दंडक. मग कोणाला ग्रीक-रोमन इतिहासातले नाव, कोणाला महिन्याचे, कोणाला झाडाचे, कोणाला अक्षरे उलटसुलट करून बनविलेले. काही नावे उघड कुचेष्टेची. काहींत मात्र आईचे नाव किंवा आफ्रिकेतून आणलेले नाव टिकून राहिले; रांगेतल्या माणसाने तेवढे ठासून सांगितले असावे. त्या बेटांवरील आजच्या कुटुंबांची आडनावे बहुतांशी त्या टेबलावर बनलेली आहेत. अल्जीरियात 23 मार्च 1882 च्या कायद्याने हेच केले. तेथे बापाचे, आजाचे नाव लावून माणूस ओळखला जाई. त्याला एक आडनाव घ्यायला भाग पाडले. ज्याने घेतले नाही त्याच्या कागदावर ‘आडनाव नाही’ अशा अर्थाची तीन आद्याक्षरे लागली, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती आद्याक्षरेच आडनावासारखी वापरली गेली.

आपल्या देशातही फ्रेंच आडनावांचा एक कोपरा आहे. पाँडिचेरी, कारिकाल, माहे इत्यादी वसाहतींसाठी 21 सप्टेंबर 1881 रोजी हुकूम निघाला. जो हिंदी माणूस आपला धर्मशास्त्रीय व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच दिवाणी कायदा पत्करील, त्याने एक आडनाव निवडून नोंदवावे. हा मार्ग पत्करणाऱ्यांत जातिभेदाने गांजलेले आणि ख्रिस्ती झालेले पुष्कळ होते. त्यांचे पुढारी पोन्नुतंबी पिळ्ळै. हे वकील, 1873 साली पायांत बूट घालून कोर्टात उभे राहिले म्हणून त्यांना मनाई झाली, तेव्हा पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन त्यांनी तो हक्क मिळविला. त्यांनी आडनाव घेतले लापोर्त. अर्थ: दरवाजा. पाँडिचेरीतील काही घरांत तमिळ बोलणारी माणसे आजही फ्रेंच आडनाव लावतात, त्याचे मूळ हे. मार्तिनीकच्या रांगेत नाव दिले गेले, पाँडिचेरीच्या कचेरीत ते घेतले गेले. दोन्ही ठिकाणी वही एकाच सरकारची.

फ्रान्समध्ये वहीवर एक आपत्तीही कोसळली. मे 1871 मध्ये पॅरिस कम्यूनच्या शेवटच्या लढाईत नगरभवन जळाले आणि 1860 पूर्वीच्या पॅरिसच्या नोंदी राख झाल्या. मग नोंदीची एक प्रत घरोघरी असावी म्हणून 1877 साली प्रत्येक कुटुंबाला एक पुस्तिका देण्याची पद्धत पडली, आणि नावांचे लेखन तिने कायमचे पक्के केले. त्या कम्यूनच्या लढ्यातील शिक्षिका लुईझ मिशेल हिचे आडनाव आईचे होते. ती एका मोलकरणीची अनौरस मुलगी. बापाचे नाव कायद्याने तिचे नव्हतेच. औरस मुलाला मात्र आईचे आडनाव लावण्याची मोकळीक मिळायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षे गेली: 2002 साली कायदा झाला आणि 1 जानेवारी 2005 पासून बापाचे, आईचे किंवा दोघांचे आडनाव मुलाला देता येऊ लागले.

1 जुलै 2022 पासून त्याही पुढचे पाऊल पडले आहे. फ्रान्समधील कोणीही सज्ञान माणूस आयुष्यात एकदा, कारण न सांगता, आपल्या आईचे किंवा बापाचे आडनाव घेऊ शकतो किंवा दोन्ही जोडू शकतो. वकील नको, मंत्र्याचा हुकूम नको, जाहिरात नको. आपल्या नगरपालिकेत जायचे, एक अर्ज भरायचा. मग कारकून निदान एक महिना थांबतो. महिना उलटल्यावर अर्जदाराने पुन्हा स्वतः त्या टेबलाशी यायचे आणि हेच नाव हवे असे सांगायचे. तो सांगतो, आणि कारकून लिहितो.